शनिवारची पिशवी

आरिफ दर शनिवारी बारामतीहून लासुर्ण्याला यायचा, आणि पावसाळ्यात त्याच्या कपड्यांच्या पिशवीचा वास त्याच्याआधी घरात शिरायचा. एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात तो नोकरीला होता आणि तिथल्याच एका चाळीत दोस्तांबरोबर खोली घेऊन राहायचा. चार पुरुष, एक खिडकी, आणि ओले कपडे दांडीवर एकावर एक टाकलेले. मग कुबट वास नाही येणार तर काय अत्तराचा येणार? त्याची आई जरिना नाकाला पदर लावून पिशवी सोडायची, पोराला चार शिव्या हासडायची आणि पदर खोचून कामाला लागायची.

घरात कपडे वाळवण्यात तिचा हात धरणारं लासुर्ण्यात कुणी नव्हतं. वास धरलेले कपडे ती आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायची. मग घट्ट पिळायची, फडाफडा झटकायची, उलटे करायची आणि आतल्या खोलीतल्या दोरीवर दोन बोटांचं अंतर सोडून एकेक टाकायची. जाड कापड खिडकीशी, पातळ आतल्या बाजूला. बाहेर कितीही झड असो, खिडकीची एक फळी उघडी. खाली जमिनीवर पंखा. आणि कॉलर कोरडी लागल्याशिवाय घडी नाही म्हणजे नाही.

तिचा नवरा अल्लाबक्ष सायकल दुरुस्तीचं दुकान बंद करून आला की मदतीला बसायचा. शर्ट उलटे करून द्यायचा, मध्येच नाक दाबायचा.

"काय वास मारतोय गं! त्याला म्हनावं, खोलीत एक दोरी तरी बांध."

"सांगून सांगून माझी जीभ झिजली," जरिना म्हणायची. तक्रार करायची खरी, पण नवऱ्याबरोबर पोराचे कपडे वाळत घालायचा हा तास तिला आवडायचा. तसं कबूल मात्र तिनं केलं नसतं.

जुलैच्या शेवटी आठवडाभर ऊन दिसलं नाही, आणि त्या शनिवारी आरिफ खोकला. दोनदाच खोकला, पण जरिनाच्या काळजात चर्र झालं. लहानपणी त्याला दमा होता. ओल धरलेल्या खोलीत पोरगं झोपतंय, वर हे कपडे अंगात घालतंय, या विचारानं तिला अन्न गोड लागेना. गुरुवारी तिनं नायलॉनची दोरी, चार खिळे, हातोडी आणि घरातला छोटा टेबलफॅन पिशवीत भरला आणि नवऱ्याला न सांगता बारामतीची एसटी धरली. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. पोराची खोली बघायला जाऊ म्हटलं की तो नेहमीच काहीतरी निमित्त काढायचा.

चाळीत दार उघडलं ते दीपकनं. आरिफबरोबर राहणारा, एकदा ईदला घरी जेवून गेलेला. रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत उभा.

"मावशी? तुमी हितं?"

"आरिफची दोरी बांधाय आले. सर बाजूला."

दीपक बाजूला सरला नाही. "मावशी, आरिफ जानेवारीतच गेला की. लगीन झाल्यावर." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. "तुमाला... ठाऊक न्हाय व्हय?"

पत्ता त्यानं तिच्याकडं न बघता सांगितला. जरिना पंखा पोटाशी धरून चालत राहिली. नक्कीच दुसरा कुणी आरिफ असणार, असं ती दोन वळणं स्वतःला बजावत होती. तिसऱ्या वळणावर ते बजावणंही थांबलं.

नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडणारी अफशीन होती. जरिनानं तिला ओळखलं. मागल्या वर्षी आरिफनं फोटो दाखवून हिचंच नाव काढलं होतं. तिचं आधीचं लग्न मोडलेलं, म्हणून जरिनानं थयथयाट केला होता. "तिला आणलीस तर माझं तोंड बघू नको," असं म्हणाली होती. आरिफ गप्प बसला, आणि आपलं ऐकलं म्हणून जरिना वर्षभर सुखात होती.

"अम्मी," अफशीन पांढरी पडली. "बसा ना. ते कामावर गेलेत."

जरिना बसली नाही. समोर दोरीवर कपडे वाळत होते. उलटे केलेले. दोन बोटांचं अंतर. जाड खिडकीशी, पातळ आत. खाली जमिनीवर पंखा. खोलीत कुबटपणाचा मागमूस नव्हता.

"त्यांनीच शिकवलं," अफशीन हळूच म्हणाली. "आमच्या अम्मीसारखं वाळव म्हनले."

जरिनाला ते ऐकू गेलं, पण तिची नजर दोरीच्या टोकाला अडकली होती. तिथं हिरव्या चौकड्यांची लुंगी होती. काठ लाल दोऱ्यानं शिवलेला. हिरवा दोरा संपला होता म्हणून लाल घातला होता, तिनंच. जूनपासून ती ही लुंगी घरभर शोधत होती. अल्लाबक्षनं स्वतः ट्रंक उपसून शोधायला मदत केली होती.

"अब्बा सायकलीचं सामान न्यायला येतात तवा हितं टेकतात," अफशीन म्हणाली. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं?

मोरीच्या दाराशी ती पिशवी होती. गाठ मारलेली, शनिवारची. जरिनानं गाठ सोडली आणि ओळखीचा वास तोंडावर आला.

"ह्ये असं का ठेवलंय?"

अफशीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "धुतलेलेच हायेत. बुधवारी ते परत भिजवतात आन् बांधून ठेवतात. कोरडे नेले तर तुमाला शंका यील. आन् म्हनतात, अम्मीला माझे कपडे करायला लागले की बरं वाटतं."

जरिनाला भडभडून रडू आलं. खोटं बोलला याचं तिला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा तिच्या हातात वास दिला होता. ती त्या वासाशी झगडत होती, रात्री उठून कॉलरी चाचपत होती, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिनं दोरीवरून लुंगी ओढली, पंखा उचलला आणि पायऱ्या उतरली. अफशीन जिन्यापर्यंत हाका मारत आली.

संध्याकाळी अल्लाबक्ष घरी आला तेव्हा बाजेवर लुंगी घडी करून ठेवलेली होती. त्यानं हात लावला आणि हात तिथंच राहिला.

"कुठं घावली?"

"तुमी इसरला व्हता तितंच."

तो मटकन खाली बसला. "तू म्हनली व्हतीस, तोंड बघनार न्हाय. पोरगं तुटलं असतं, जरिना. मी काय करायचं?"

"पोराचं मी बघून घीन. त्यो माझ्या बोलन्याला भ्याला. त्यात माझीबी चूक हाय." तिनं लुंगी त्याच्याकडं सरकवली. "पर तुमी? तुमी माझ्या शेजारी बसून शर्ट उलटं करत व्हता. नाक दाबत व्हता. खोलीत दोरी बांध म्हनावं, म्हनत व्हता."

जरिना उठली, आतल्या खोलीत गेली आणि दोरी सोडायला लागली. खिळ्याशी गाठ घट्ट बसली होती. सवयीनं तो मदतीला उठला.

"बसा," ती पाठमोरीच म्हणाली. "तुमच्या मदतीचाच आता मला वास येतोय."