चौदा शेरे

सातवी ‘ब’च्या बेचाळीस मुलांनी मतपत्रिकेत विज्ञानाच्या बाईंना शाळेतल्या अकरा शिक्षकांमध्ये पहिला क्रमांक दिला. त्याच बेचाळीस मुलांच्या पालकांनी त्यांना अकरावा दिला.

मुख्याध्यापकांनी दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते आणि ते स्वतः खिडकीबाहेर पाहत होते.

“मनाला लावून घेऊ नका, बाई. पालकांचं काय, आज एक, उद्या एक.”

“मनाला लावून घेत नाहीये, सर. कारण शोधतेय.” बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला. “श्रेणी उलटी तर नाही झाली? एक म्हणजे उत्तम, असं पालकांना वाटलं असेल.”

दारात उभ्या असलेल्या क्लार्कला हा आपल्या कामावरचा आरोप वाटला. “मी दोनदा मोजलंय, बाई. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. वर ठळक छापलंय. आणि उलटी असती तर सगळ्यांचीच उलटी झाली असती ना? गणिताचे सर पहिले आलेत.”

“ते तर तासाला झोपतात.”

“ते मुलांनीही लिहिलंय,” क्लार्क म्हणाला. “‘सर झोपले की वर्गात शांतता असते.’ पण पालकांना त्याचं काही नाही.”

मुलांच्या पत्रिका वर्गात भरून घेतल्या होत्या, पालकांच्या सभेच्या दिवशी सभागृहात. तेव्हा एकाने दुसऱ्याची भरली, हा तर्कही टिकत नव्हता. बाईंनी दोन्ही गठ्ठे मागून घेतले आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या लांब ओट्यावर पसरले.

चोवीस वर्षे त्या या ओट्याशी उभ्या होत्या. शास्त्रात पदवी पहिल्या वर्गात मिळवली होती, पुढे संशोधन करायचे होते. वडील आजारी पडले आणि सरकारी शाळेची ही नोकरी आली. त्यांनी नोकरीबद्दल कधी कुरकूर केली नाही. मात्र मोजमाप सैल होऊ दिले नाही. उत्तर साडेसहा गुणांचे असेल तर त्या सहाही देत नसत आणि सातही देत नसत. मुले त्यांना ‘साडेबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि ते नाव अचूक आहे असे त्यांचे मत होते.

मुलांनी लिहिले होते: ‘साडेबाईंना एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणतात.’ ‘बाई ओरडतात पण खोटं ओरडत नाहीत.’ ‘मुतारीला दार लावा आणि बाईंना आठवीलाही द्या.’

पालकांनी लिहिले होते: ‘पंखे बसवावेत.’ ‘विज्ञानाच्या बाईंना मुलांची कदर नाही.’ ‘गणिताचे सर फार चांगले, त्यांची कधी तक्रार आली नाही.’ आणि एका पत्रिकेवर, शेवटच्या रकान्यात, इतक्या जोराने की अक्षरे कागदाच्या मागे उमटली होती: ‘बाईंना माझी मुलगी डोळ्यांसमोर नको आहे. आम्ही तिला शाळेतून काढत आहोत.’

पत्रिकेवर नाव नव्हते. बाई कार्यालयात गेल्या.

“सातवी ‘ब’मधून दाखल्यासाठी कोणाचा अर्ज आलाय?”

क्लार्कने फाईल न उघडताच सांगितले, “एकच आहे. तुमची ती शंका. वडील शनिवारी न्यायला येणार आहेत.”

शंका हे नाव वर्गाने ठेवले होते. प्रत्येक तासाला, शिकवणे संपत आले की मधल्या रांगेतून एक बारीक हात वर येई, “बाई, एक शंका,” आणि अख्खा वर्ग “आली, आली!” म्हणून कण्हत असे. चोवीस वर्षांत बाईंनी सुमारे दोन हजार मुलांना शिकवले होते. ज्यांनी विज्ञानच करावे असे त्यांना वाटले, अशी मुले तीन. ही तिसरी.

तो गुरुवार होता. शाळा सुटल्यावर बाई पत्ता विचारत निघाल्या.

घर दोन खोल्यांचे होते, जिन्याच्या अगदी टोकाला. वडील बेकरीच्या पावाची गाडी चालवीत. पहाटेचे काम असल्यामुळे दुपारी घरी असत. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. तिच्या हातांची कातडी कोपरापर्यंत पांढुरकी पडली होती. बाईंना पाहून दोघेही उठून उभे राहिले, आणि मग आपण उभे राहायला नको होते असे वाटल्यासारखे वडील पुन्हा बसले.

“बसा,” आई म्हणाली. “आता काय केलंन् हिनं?”

“काही नाही केलं. दाखल्याचा अर्ज पाहिला, म्हणून आले. कुठल्या शाळेत घालताय?”

“शाळेत नाही घालत. हिच्या आत्याचं शिवणकामाचं दुकान आहे, तिकडं पाठवतोय. आत्याची लहान पोरं सांभाळील, हातात कामही येईल.”

“अहो, पण का? ती शिकू शकते. माझ्या वर्गात तिच्याइतकी...”

“बाई,” वडिलांनी त्यांना मध्येच थांबवले. आवाज चढवला नाही. “घरी आलात, मान आहे तुमचा. पण तोंडावर एक आणि पाठीमागं एक असं नका करू.”

त्यांनी फळीवरून एक निळी वही काढून बाईंसमोर ठेवली. शाळेची संपर्क वही. प्रत्येक मुलाला जूनमध्ये मिळे. शिक्षकांनी कळवायचे ते तीत लिहावे आणि पालकांनी शेजारी सही करून परत पाठवावी, अशी रीत होती.

“वाचा. अक्षर तुमचंच आहे ना?”

अक्षर त्यांचेच होते. लाल शाई, सरळ ओळी, प्रत्येक नोंदीला तारीख.

‘नखे वाढलेली आहेत.’ ‘गृहपाठ अपूर्ण.’ ‘परीक्षानळी फोडली.’ ‘तास चालू असताना वारंवार प्रश्न विचारते, इतरांचा वेळ जातो.’ ‘सुट्टी झाली तरी प्रयोगशाळेतून बाहेर पडत नाही. शिस्त लावावी.’

“चौदा आहेत,” वडील म्हणाले. “मी मोजलेत. मी शिकलो नाही फार, पण एवढं कळतं की चौदा वेळा कुणी उगाच लिहीत नाही.”

“चौदा सह्या केल्या यांनी,” आई म्हणाली. “आणि ज्या ज्या दिवशी सही केली, त्या त्या रात्री ही जेवली नाही. बोलणी खायची आणि भांडी घासून झोपायची.”

बाईंचे बोट नवव्या नोंदीवर थांबले होते. ‘थर्मामीटर परवानगीविना प्रयोगशाळेबाहेर नेला.’ ती तारीख त्यांना पाठ होती. त्या दिवशी शंकाने बर्फात बुडवलेल्या थर्मामीटरवर शून्याऐवजी दोन अंश वाचले होते. बाकीच्या साऱ्या मुलांनी पुस्तकात लिहिले आहे म्हणून शून्य लिहिले. हिने दोन लिहिले, आणि मग तो थर्मामीटर आवारातल्या नळापर्यंत नेऊन, ताज्या पाण्यात नवा बर्फ घालून पुन्हा तपासला. थर्मामीटरच बिघडलेला होता, कोण जाणे किती वर्षांपासून. बाई त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट तीन जणांना सांगत सुटल्या होत्या. घरी जाऊन थोरल्या बहिणीला, ताईला, सांगितली होती. वर्गात हिला पुढे बोलावून “शाब्बास” म्हणाल्या होत्या. आणि संध्याकाळी, थर्मामीटर जागेवर नव्हता ही नोंद करायची राहिली म्हणून, वही मागवून एवढेच लिहिले होते.

“ही तर... अहो, या दिवशी तिनं फार मोठं काम केलं होतं. मी सांगते तुम्हाला.” त्यांनी सांगितले. सगळे सांगितले, क्रमाने, काही न वाढवता.

वडिलांनी ऐकून घेतले. मग विचारले, “मग हे कुठं लिहिलंय?”

आतल्या खोलीतून शंका पाण्याचा पेला घेऊन आली. बाईंसमोर ठेवून ती दाराशी उभी राहिली.

“तू घरी सांगितलं नाहीस?” बाईंनी विचारले.

“सांगितलं होतं, बाई. बाबा म्हणाले, दाखव.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, प्रयोगाची कृती सांगावी तसे ती सांगत होती. “वहीत नव्हतं. तुम्हीच सांगता ना, नोंदवलं नाही तर ते झालं असं धरायचं नाही.”

बाईंनी पर्स उघडून पेन काढले. “मी आत्ता लिहिते. तारीख घालून लिहिते.”

वडिलांनी वही हलकेच आपल्याकडे ओढून घेतली. “आता लिहाल, बाई. पण ते मी मुलगी काढतोय म्हटल्यावर लिहिलेलं असेल. त्याची काय किंमत?”

हा आक्षेप बरोबर होता. दुसऱ्या कोणाच्या प्रयोगवहीत निकाल हाती आल्यानंतर भरलेली नोंद सापडली असती, तर बाईंनीही ती खोडली असती. त्यांनी पेन परत पर्समध्ये ठेवले.

“एक वर्ष थांबा. आठवीपर्यंत तरी.”

“आत्यानं जागा केलीय तिच्यासाठी,” आई म्हणाली. तिला बाईंची दया आली असावी. ती जिन्यापर्यंत सोडायला आली. “तुमचं वाईट नाही वाटत मला. पण आम्हाला शाळेतलं काय दिसतं, सांगा. जे घरी येतं तेच दिसतं.”

रात्री ताट वाढताना ताईने विचारले, “तोंड का पाडून बसलीयस?”

बाईंनी थोडक्यात सांगितले.

“त्यात नवीन काय?” ताई म्हणाली. “तीस वर्षं मी स्वयंपाक करतेय. कधी म्हणालीस, भाजी चांगली झालीय म्हणून?”

“मीठ जास्त पडलं तर सांगते ना. नाही सांगितलं म्हणजे बरोबर झालंय.”

“हो का?” ताई म्हणाली. “मला बाई हे आजच कळलं.”

शनिवारी वडील साडेदहाला आले आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. वर्गशिक्षिका म्हणून दाखल्यावर बाईंची सही लागत होती. क्लार्कने दाखला पुढे सरकवला. ‘प्रगती: चांगली. वर्तन: चांगले.’ शाई अजून ओली होती.

“हे तुम्ही कशावरून लिहिलंत?” बाईंनी विचारले.

“कशावरून म्हणजे? सगळ्यांना हेच लिहितो. मागं तो खिडक्या फोडणारा गेला ना, त्यालाही हेच लिहिलं.”

“खाली शेऱ्याची जागा आहे. मला तिथे लिहायचंय.”

क्लार्कने हात आडवा धरला. “नको, बाई. ती कोरीच ठेवायची असते. काही लिहिलेलं दिसलं की नव्या शाळेला वाटतं, काहीतरी लफडं आहे.”

“नवी शाळा नाहीये.”

“मग तर वाचणार कोण?” क्लार्क म्हणाला. तो दुष्ट माणूस नव्हता. फक्त त्याला अकरापर्यंत आणखी चार दाखले काढायचे होते.

बाईंनी त्याचा हात बाजूला केला आणि लिहिले: ‘विज्ञानात असाधारण. माझ्या चोवीस वर्षांतील तीन उत्कृष्ट विद्यार्थ्यांपैकी एक.’ मग सही केली. वडिलांनी दाखला उभ्या उभ्या वाचला, चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला, बाईंना नमस्कार केला आणि ते गेले. त्यांनी तो विश्वासाने वाचला की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हते.

त्या दुपारी बाईंनी वर्गातल्या उरलेल्या एक्केचाळीस संपर्क वह्या गोळा केल्या आणि शाळा रिकामी झाल्यावर प्रयोगशाळेत बसून शेरे मोजले. आधी शिक्षकांप्रमाणे, मग स्वरूपाप्रमाणे. खात्री करण्यासाठी दुसऱ्यांदा मोजले. शंकाचे चौदा शेवटी त्यात मिळवले. चित्रकलेच्या बाईंचे सहा होते, खेळाच्या सरांचे दोन. गणिताच्या सरांनी वर्षभरात एकाही वहीत एकही अक्षर लिहिलेले नव्हते. बाकी सात जणांनीही नाही. विज्ञानाच्या बाईंचे तीनशे एक्क्याण्णव होते.

मग त्यांनी वहीचे पहिले पान वाचले. ते त्यांनी यापूर्वी कधी वाचले नव्हते. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या मुख्याध्यापिकेने “ही तक्रारवही” असे म्हणून वही हाती दिली होती, तेवढे पुरले होते. तक्रार हा शब्द वहीत कुठेही नव्हता. पहिल्या पानावर छापले होते: ‘विद्यार्थ्याविषयी पालकांना कळवावयाच्या गोष्टी.’ खाली तीन रकाने होते: दिनांक, बाब, पालकांची सही.

पालकांच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी आपल्या सरळ अक्षरात निष्कर्ष लिहिला.

‘मुले मला रोज पाहतात. पालक मला फक्त वहीतून पाहतात. या वर्गाच्या वह्यांत मी तीनशे एक्क्याण्णव वेळा लिहिले. त्यांपैकी दोष दाखवणारे शेरे: तीनशे एक्क्याण्णव. मुले जे जे चांगले करीत, ते मी त्यांना तोंडी सांगत असे आणि लिहिण्याजोगे समजत नसे. पालकांनी दिलेला क्रमांक त्यांच्याजवळ असलेल्या पुराव्याशी पूर्णपणे सुसंगत आहे. पुरावा मी दिला होता.’