न वाकणारे खामपान

आमचे वडील खामपान कधी वाकले नाहीत. थायलंडातल्या आमच्या नान गावच्या विहारात सगळे भिक्खूंपुढे कपाळ टेकायचे, तेव्हा हे चिकट भाताचा डबा धरून ताठ उभे. बायका म्हणायच्या, "हा म्हातारा जळेल तोही उभाच!" मी पोरांना सांगायचो, की यांनी हत्तीचं पिल्लू पाठीवरून नदीपार नेलं, तेव्हापासून कणा रुसलाय. वडील गालातल्या गालात हसायचे.

ते गेल्यावर कैक वर्षांनी माझ्या लेकीची, बुआखमची, पाठ सकाळी लाकडासारखी व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"पेशींवर बी-सत्तावीस नावाची खूण आहे. ती घराण्यात उतरते, पण असणाऱ्या थोड्यांनाच हा मणके आखडण्याचा आजार होतो. घरात कुणाची पाठ ताठ होती?"

"माझ्या वडिलांची. गर्विष्ठ म्हणायचे त्यांना."

"गर्व कसला, काका! मणके जुळून गेले असणार. हिचं लवकर कळलंय. औषध आणि व्यायाम चुकवू नका."

"म्हणजे हत्ती खोटा, बाबा?" बुआखमनं डोळे वटारले.

"छे! खूण त्यानंच दिली."

वर्षभरानं विहारात ती सावकाश वाकली, कपाळ टेकलं. उठली आणि पुन्हा वाकली.

"हा नमस्कार आजोबांचा," ती म्हणाली. "राहून गेलेला."