ऐंशी टनांची प्रेरणा

निगडी प्राधिकरणातल्या त्या हॉलमध्ये पाच उदयोन्मुख कलाकारांचं काम मांडलं होतं, आणि पाचांतल्या चौघांना कामगारानं प्रेरणा दिली होती. कामगाराला याचा पत्ता नव्हता. एकानं पिवळी हेल्मेटं रंगवली होती, आतली डोकी गाळून. एकीनं कोळशानं कारखान्याच्या चिमण्यांचा धूर काढला होता. असा काळाकुट्ट धूर सोडणारी चिमणी शोधायला बिचारीला चाकणभर किती हिंडावं लागलं असेल, असं दिपालीच्या मनात आलं. तिसऱ्यानं नट-बोल्ट जोडून गरुड केला होता. असला गरुड त्या पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्यांच्या गेटवर असतो. फक्त तिथं खाली ‘क्वालिटी फर्स्ट’ लिहिलेलं असतं, इथं ‘विस्थापन’ लिहिलं होतं.

चौथा मिहिर. इथल्याच बंगल्यात वाढलेला, वडील कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली, तरी तो उदयोन्मुख होता आणि अजून बराच काळ राहील अशी चिन्हं होती. त्याचं काम कापडाखाली झाकलेलं होतं.

पुण्याहून गॅलरीवाल्या पद्मजाताई येणार होत्या. त्या ज्याला निवडतील त्याला पुण्याच्या गॅलरीत स्वतंत्र प्रदर्शन मिळणार होतं. दिपालीला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की गेला आठवडाभर ती गरुडवाल्याशीसुद्धा गोड बोलत होती.

पाचवी तीच, आणि तिच्या चित्रांत कामगार नव्हता. पत्र्यातून बोल्टखाली घालायचे वायसर ठोकून काढले की मागं गोल भोकांची पट्टी उरते. ती भंगारात जाते, आणि भंगारातून कासारवाडीच्या चाळींत येते. कुणाचं कुंपण होते, कुणाची न्हाणीघराची खिडकी. दिपालीच्या घराची गॅलरी अशाच पट्ट्यांनी बंद केलेली. दुपार कलली की त्या भोकांतून उजेडाचे गोल आत उतरायचे, कॉटवर लांबट व्हायचे, दोरीवरच्या साडीवर वाकायचे. दोन वर्षं ती तेवढंच रंगवत होती. अजून तिला ते जमलं होतं असं नव्हे. पण इतरांना काय जमलं नव्हतं ते तिला नेमकं दिसायचं.

पद्मजाताई आल्या. कानात पितळी गिअर लटकत होते. दिपालीच्या चित्रांसमोर त्या मान तिरकी करून उभ्या राहिल्या.

“टेक्श्चर सुंदर आहे गं. पण यात माणूस कुठंय? तुझी प्रेरणा काय?”

“ऊन.”

“ते झालंच. पण त्याच्यामागं?”

“मागं जाळी आहे.”

लहान मुलानं उलट उत्तर दिल्यावर पाहुण्या हसतात तशा त्या हसल्या आणि पुढं गेल्या. मिहिरनं कापड काढलं.

काळ्या चौथऱ्यावर प्लास्टरचा पांढरा हात होता. उजवा. मधलं बोट अर्धं, त्याच्या शेजारचं मुळापासूनच नाही, करंगळी बाहेर वळलेली. दिपालीला तो ओळखायला क्षणही लागला नाही. याच हातानं तिला आज सकाळी चहा दिला होता. उन्हाळ्यात मिहिर तिची चित्रं बघायला म्हणून घरी आला होता. चित्रांपेक्षा तो पप्पांच्या हाताकडंच बघत बसला होता. पुढं परस्पर कधी येऊन साचा घेऊन गेला, ते तिला घरात कुणीच सांगितलं नव्हतं.

“आणि हे स्वतः,” मिहिर म्हणाला. “यांनी मला घडवलं.”

दारातून ज्योतीराम आत आले. दसऱ्याला घेतलेला शर्ट, केसांना तेल. हॉलभर टाळ्या वाजल्या. त्यांनी नमस्कार केला तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या नमस्कारातल्या रिकाम्या जागेवर खिळले होते. लेकीकडं मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

पद्मजाताई पुढं सरकल्या. “काका, कुठल्या मशीनवर गेली बोटं?”

“पॉवर प्रेस, मॅडम,” ज्योतीराम म्हणाले. “ऐंशी टनाचा.”

कुणीतरी “बाप रे” म्हणालं. धूरवालीनं डोळे पुसले.

या पट्ट्यात बोट नसलेल्या माणसाला ते कसं गेलं असं कुणी विचारत नाही. मशीन कुठलं आणि किती टनाचं, एवढंच विचारतात. ज्योतीरामांनी पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. ते पॅकिंगला होते, खोक्यांत थर्माकोल भरायचे. बोटं गेली होती भूमकडच्या गावी, पोरवयात, कडबाकुट्टीत. म्हशीला वैरण कापताना, शेजारच्या पोराशी पैज लावून.

दिपालीनं त्यांना खांबाआड ओढलं. “पप्पा, हे काय?”

“अगं, कडबाकुट्टी म्हनलं की लोकं हसत्यात. प्रेस म्हनलं की च्या पाजत्यात. कंपनीत आल्यापसनं असंच सांगतोय. तुला काय तरास हाय?”

“माझं प्रदर्शन आहे.”

“मग हायच की. मी काय हलीवलं का त्याला?”

तिकडं पद्मजाताई त्या हाताभोवती देवळात घालतात तशी प्रदक्षिणा घालत होत्या. निकाल दिसतच होता. दिपाली खांबाआडून बाहेर आली. खऱ्याची चाड म्हणून ती बोलायला निघाली, असं तिला स्वतःला पटवता आलं असतं. पण ती तेवढी भाबडी नव्हती. तिला मिहिरला पाडायचं होतं.

“पप्पांची बोटं प्रेसमध्ये नाही गेली,” ती मोठ्यानं म्हणाली. “गावाकडं कडबाकुट्टीत गेली. पैजेत.”

गरुडवाला फिस्सकन हसला. मिहिर हातातलं कापड चुरगाळत राहिला. आणि ज्योतीरामांनी उजवा हात खिशात घातला. तो हात लपवताना दिपालीनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पद्मजाताईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

“म्हणजे कारखान्याच्या दारात यायच्या आधीच यंत्रानं हा हात मागून घेतला होता! मिहिर, अरे, हे तर कितीतरी मोठं झालं!”

“मला ते कुठंतरी जाणवत होतंच,” मिहिर म्हणाला.

त्यानं तिथल्या तिथं पेन काढलं. चौथऱ्याच्या पाटीवर कामाचं नाव ‘प्रेस’ होतं, त्यापुढं ‘च्या आधी’ लिहिलं. पुन्हा टाळ्या पडल्या. पैजेचा विषय कुणी काढला नाही. मोठ्या कलाकृतीत पैज बसत नसावी. जाता जाता पद्मजाताईंनी दिपालीच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझ्याच घरात हे असताना तू जाळ्या कसल्या गं काढत बसलीस?”

मिहिरला पुणे मिळालं. ज्योतीरामांना पेढा मिळाला. तो त्यांनी डाव्या हातानं घेतला.

स्कूटरवर ते मागं बसले, तिची दोन चित्रं मांडीवर आडवी धरून. हायवेला लागल्यावर वारा चित्रांत शिरू लागला, तशी त्यांना उजव्या हाताचीही पकड घ्यावी लागली. चिंचवड मागं पडलं. पिंपरीच्या सिग्नलला ते म्हणाले, “प्रेसच राहू दिला असतास तर तुझं काय जात होतं?”

“प्रदर्शन.”

“ते तर तसंबी गेलंच की.”

सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“आता कंपनीत काय सांगू?” ज्योतीरामांनी विचारलं. दिपालीनं गाडी पुढं काढली.