बाईंची सही

माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. या धंद्यात एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवतात. मशीन कुरकुरलं तर काहीतरी झिजलंय, गुरगुरलं तर काहीतरी कोरडं पडलंय. नीट चालणाऱ्या मशीनचा आवाज कानाला लागतच नाही. मी जन्मभर आवाज बंद करायचं काम केलं, आणि बायको मिळाली ती आवाज फाडणारी.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. तिथल्या मशीनांची दुरुस्ती माझ्याकडे असायची, तिथंच आमचं जमलं. त्याआधी ती एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा वाटणीत तिला एक छोटा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, मिळाला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. मागून बघितलं की आत लालसर उजेड दिसायचा. ती त्याला डबा म्हणायची. डब्याच्या स्पीकरचा कागद फाटला होता, त्याला तिनं कोटाच्या अस्तराचा तुकडा चिकटवला होता.

"मेकॅनिकच्या घरात ठिगळ," मी म्हणायचो. "लोक काय म्हणतील?"

"तू तुझी तेलाची बुधली डब्यापासून लांब ठेव म्हणजे झालं."

कामावरून आल्यावर ती वाजवायला बसायची. आधी हळू, मग हात तापला की जोरात. तो आवाज एका ठिकाणी पोचला की पलीकडून भिंतीवर ठोके पडायचे. शेजारी बाई राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. एकट्याच. शाळा सोडताना फळ्याचा लाकडी डस्टर घेऊन आल्या असाव्यात, कारण ठोके त्याचेच असायचे. मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. ती मात्र खूश.

"बाईंची सही झाली," म्हणायची. "म्हणजे आवाज बरोबर लागला." आणि आणखी थोडा वेळ वाजवूनच थांबायची.

मला गिटार येत नाही. एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांचा एक झुबका, तेवढा येतो. ई मायनर. दोन बोटांची. तीही तिनं स्वतःच्या सोयीसाठी शिकवलेली. डब्याची बटणं लावताना समोर उभं राहून ऐकावं लागतं, आणि त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी तारा छेडाव्या लागतात. तो दुसरा म्हणजे मी. "चल मोटर, सुरू हो," ती म्हणायची. मी खुर्चीत बसून एकच कॉर्ड मारत राहायचो. ती डब्यासमोर वाकून बटणं फिरवायची. आवाज मनासारखा लागला की मान जराशी डावीकडे कलायची. मग मी थांबायचो.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. आजारपणात डबा बंदच होता. नंतर एकदा धीर करून मी तो लावून बघितला. आधी घरघर झाली. मग ई मायनर मारली, तर आवाज चिरकत, फाटत बाहेर आला. मला वाटलं, बंद राहून बिघडला. तिच्या बाबतीत माझ्या हातात काही नव्हतं. डब्याच्या बाबतीत होतं. मी तो उचलून माझ्या ओळखीच्या रेडिओवाल्याकडे नेला.

त्यानं मन लावून काम केलं. व्हॉल्व्ह बदलले, नवा स्पीकर बसवला. घरी आणून वाजवला तर आवाज अगदी स्वच्छ, काचेच्या पेल्यावर चमचा मारल्यासारखा. कुठं घरघर नाही, चिरकणं नाही. मी दोनदा वाजवला आणि गिटार खाली ठेवली. सगळं नीट झालं होतं आणि घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. "जुना स्पीकर कुठाय?"

"भंगारवाला घेऊन गेला. अरे, काय अवस्था होती त्याची! कोणीतरी चिंधी चिकटवली होती."

"हिनं."

 तो हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत बसला. मग म्हणाला, "मला काय ठाऊक. तू म्हणालास बिघडलाय."

"मीच म्हणालो."

"हे बघ, गिटारवाले एक पेडल वापरतात. ओव्हरड्राइव्ह. गिटार आणि अँपच्या मधे लावायचं, पायानं दाबायचं. स्वच्छ आवाज फाटका करून देतं."

"नवा स्पीकर घालायचा आणि वर फाडायला यंत्र घ्यायचं?"

"लोक नव्या पँटी फाडून घालतात, ते चालतं तुला?"

घरी येऊन डबा स्कूटरच्या पुढ्यात, मशीनचं डोकं नेतो तसा दोरीनं बांधला आणि वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, डोक्यावर टक्कल आणि मागचे केस पाठीपर्यंत. माझा डबा बघून त्याचे डोळे चमकले.

"दादा, हा कुठं मिळाला? विकायचाय?"

"नाही. याला पेडल बघायचंय."

"बसा की. काय वाजवता तुम्ही?"

"ई मायनर."

"आणि?"

"आणखी काही नाही."

तो हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला. काही न विचारता त्यानं माझ्या हातात गिटार दिली आणि समोर लोखंडी डब्या मांडल्या. साबणदाणीएवढ्या, प्रत्येकीवर तीन बटणं. एक फाटण्याचं, एक आवाजाचं, एक धारेचं, म्हणजे आवाज किती टोचरा ते ठरवणारं. पहिली हिरवी. तिच्यातून कॉर्ड मारली तर सर्दी झालेल्या माणसासारखा नाकातला आवाज आला. दुसरी पिवळी. तिनं आवाज इतका जाड केला की जणू डब्यावर गोधडी टाकली. तिसरी राखाडी, रंग उडालेली, कोणीतरी वापरून विकलेली. ती लावली तर काही फरकच कळेना.

"ही बंद आहे का?"

"चालू आहे. ही स्वतः फार काही बोलत नाही. अँपला मागून ढकलते. हिचं फाटण्याचं बटण कमी ठेवायचं, आवाजाचं वाढवायचं. मग तुमचे व्हॉल्व्हच कण्हायला लागतात. अशा छोट्या अँपला मला तर हीच आवडते. पण माझं सोडा, तुम्हाला कसा हवाय?"

"आधी होता तसा."

"कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. जाड होता की बारीक, नाकातला की छातीतला, काहीच आठवेना. आठवत होती तिची वाकलेली पाठ, बटणावरची दोन बोटं, मान कलली ती बाजू. इतकी वर्षं त्या आवाजासमोर बसलो, पण मी ऐकत नव्हतो. बघत होतो. कधी थांबायचं ते मला तिची मान सांगायची, कानांना कामच नव्हतं. आता बघायला ती नव्हती आणि ऐकलेलं काही गाठीला नव्हतं. पेडल नाही मिळालं तरी माझं काही अडणार नव्हतं. पण तिचा आवाज मीच भंगारात घातला होता, आणि तो परत आणला तरी तोच आहे हे ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

"हिचा अँप आहे," मी म्हणालो. "ती असती तर सांगितलं असतं."

दुकानदारानं मान हलवली. हिरवी आणि राखाडी दोन्ही डब्या पिशवीत घातल्या. "घरी नेऊन ऐका. खोली बदलली की आवाज बदलतो. नको ती परत आणा."

"अनोळखी माणसाला देताय?"

"अनोळखी कसे? आमच्या घरचं मशीन तुम्हीच दुरुस्त केलंय. बायको अजून म्हणते, चालू आहे की बंद तेच कळत नाही."

घरी आलो. डबा तिच्या जागेवर, भिंतीला पाठ करून ठेवला. हिरवी डबी जोडली. खुर्चीत बसून कॉर्ड मारली, गिटार ठेवून उठलो, डब्यासमोर गेलो. तोवर कॉर्ड विझलेली. परत बसलो, परत मारली, या वेळी पळत गेलो. शेवटची शेपटी तेवढी ऐकू आली. दोन माणसांचं काम होतं ते. मोटर होती, चालवणारी नव्हती.

मग सुचलं की पेडल जमिनीवरच असतं. चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं बटण फिरवायला लागलो. हातानं कॉर्ड, पायानं बटण. मशीनवर बसलेल्या शिंप्यासारखा. जमलं. आणि तेव्हाच भिंतीकडे लक्ष गेलं. माझ्या कानांना कळत नसेल, पण बाईंना कळेल. आवाज लागला की ठोके पडतील.

मी आवाज वाढवत गेलो. ठोके नाहीत. आणखी वाढवला. खिडकीची काच थरथरली, खाली कोणाचं तरी कुत्रं भुंकलं. भिंत गप्प. बाई गावाला गेल्या असतील म्हणून बाहेर येऊन बघितलं, तर त्यांच्याकडे दिवा होता. दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर, कानांत कापसाचे बोळे. ते काढत म्हणाल्या, "या. बरं आहे ना सगळं?"

"बाई, त्रास होत नाही का तुम्हाला?"

"होतो की. डोकं उठलंय."

"मग ठोकत का नाही?"

 "आता कशी ठोकू?" म्हणाल्या. "ती होती तेव्हा ठोकत होते. ती ऐकायची नाही, मी ठोकायचं सोडायचे नाही. तुमच्यावर काय ठोकायचं? वाजवा तुम्ही. बोळे आहेत माझ्याकडे."

मी त्यांना सगळं सांगितलं. डबा, ठिगळ, भंगार, दुकान. बाई मधे एकदाही बोलल्या नाहीत असं झालं नाही, पण तरी त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे तो आवाज परत लावताय होय! मग आधीच सांगायचं. अहो, हा तो आवाजच नाही. सकाळी झाडूवाला ओरडतो तसा हा सारखा ओरडतोय. हळू मारा, जोरात मारा, एकच ओरड. तिचं तसं नव्हतं. हळू वाजवायची तेव्हा स्वच्छ असायचं. जोरात मारलं की फाटायचं, आणि विरत आलं की पुन्हा स्वच्छ व्हायचं. शेवटी नुसती गुरगुर उरायची. माझ्या कपाटातल्या बशा वाजायच्या त्या गुरगुरीनं."

"तुम्हाला इतकं आठवतं?"

"न आठवायला काय झालं? रोज तेच. उजळणी घेतल्यासारखं पाठ झालंय." आणि वर म्हणाल्या, "आवडत होतं असं म्हणत नाही हं मी."

"तुम्ही येऊन बसता का समोर? मी बटण फिरवतो."

"मी तिथं येऊन काय करू? मी कधी तिथून ऐकलंय का? मला जे येतं ते भिंतीच्या या बाजूचं." त्यांनी कपाटावरून डस्टर घेतला. "जा, वाजवा. चुकलं तर एकदा ठोकेन. जवळ आलात तर दोनदा."

"आणि बरोबर आलं तर?"

"कळेल तुम्हाला."

हिरवी डबी काढून राखाडी जोडली. दुकानदार म्हणाला होता तसं फाटण्याचं बटण खाली, आवाजाचं वर. कॉर्ड मारली. एक ठोका. अंगठ्यानं आवाज आणखी वर घेतला. एक ठोका. डब्याचं बटणही थोडं वाढवलं. थोडा वेळ काही नाही, मग दोन ठोके. मी धारेचं बटण कमी केलं. एक ठोका, जरा रागानं. परत होतं तिथं आणलं. दोन. असं बराच वेळ चाललं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे माझे हात घामेजले होते. एकदा तर बाईंचा आवाजही ऐकू आला, "हात जोरात मारा हो, ती काय कुरवाळत नव्हती!"

मी जोरात मारली.

भिंतीवर जे ठोके पडले ते मोजायचे नव्हते. धडाधड, चिडून, पूर्वीसारखे. खुंटीवरची माझी पिशवी खाली पडली. मी सवयीनं वर बघितलं, डब्यासमोर, जिथं मान कलायची तिथं. तिथं फरशी होती आणि वायर.

बघायला काही नव्हतं म्हणून मी ऐकलं. आधी फाटला, मग कडा मऊ होत गेल्या, मग एकच सूर स्वच्छ उरला, आणि त्याच्याखाली ती गुरगुर. पलीकडे बशा वाजल्या. हा आवाज माझ्या घरात इतकी वर्षं होता. मला तो आजच भेटत होता. अस्तराचं ठिगळ नव्हतं त्यात, तेवढी उणीव असणारच. पण बाईंनी सही केली होती.

तारांवर हात ठेवला नाही. पूर्ण विझू दिला. विझल्यावर पलीकडे बाईंनी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. डब्यातला लालसर उजेड भिंतीवर पडला होता.

सहीनंतर ती आणखी थोडा वेळ वाजवायची. मी दोन बोटं पुन्हा तारांवर ठेवली.