थेलीस आणि चौतीस कॉमेंट्स

माझ्या भाषणावर चौतीस कॉमेंट्स आल्या होत्या. भाषण साडेतीनशे शब्दांचं. म्हणजे दर दहा शब्दांमागे कुणीतरी नाक खुपसलं होतं!

चूक माझीच. इथे परदेशात दर रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बोलणार, असं मीच हात वर करून सांगितलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी समूहगीतात तिसऱ्या रांगेत नुसते ओठ हलवायचे. यंदा इयर इलेव्हनला, म्हणजे अकरावीला, फिलॉसॉफी घेतली, डिबेटिंग टीममध्ये घुसले आणि मला शोध लागला की मला बोलता येतं. खूप येतं! मग ऑनलाइन फाइलमध्ये भाषण लिहिलं, आणि भाषा तपासायला म्हणून आईबाबांना आणि कार्यक्रम बसवणाऱ्या दत्तप्रसादकाकांना एडिट करायची परवानगी देऊन बसले.

भाषण थेलीसवर होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक तत्त्वज्ञ. सगळं जग पाण्यातून आलं, असं म्हणे तो म्हणायचा. 'म्हणे', कारण त्याने लिहिलेलं एक अक्षरही आपल्याकडे नाही. दोनेकशे वर्षांनी दुसऱ्या एका तत्त्वज्ञाने, आपल्या आधीचे लोक निसर्गाबद्दल काय काय म्हणून गेले ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला थेलीस ठाऊक. तिथे तो लिहितो, की सगळ्यांचं अन्न ओलसर असतं हे बघून थेलीसला कदाचित हे सुचलं असावं. कदाचित! मला तो लिहून ठेवणारा माणूस तिथेच आवडला. ठोकून दिलं असतं तर कोण पकडणार होतं? माझं अख्खं भाषण त्याच्या त्या प्रामाणिकपणाबद्दल होतं.

आणि आता 'कदाचित' गायब होतं.

आईने 'ओलसर'चं 'रसयुक्त' केलं होतं. बाबा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्याने प्रत्येक वाक्याला 'सोर्स?' विचारलं होतं. आणि काकांनी लिहिलं होतं, 'थेलीस छातीठोकपणे सांगतो की विश्व जलमय आहे. आपल्या ऋषींनी तर हे कधीच ओळखलं होतं.'

मी सरळ फोन लावला.

"काका, थेलीस छातीठोकपणे काहीच सांगत नाही. त्याचं काही उरलेलंच नाही!"

"अगं कादंबरी, स्टेजवर कदाचित म्हटलं की वाटतं पोरीची तयारी कच्ची आहे."

"पण तयारी केली म्हणूनच तर कळलं ना, की नक्की माहीत नाही!"

"वा! हे वाक्य टाक. कदाचितच्या जागी."

मी फोन म्यूट केला, उशीत तोंड खुपसून ओरडले आणि परत आले. "आणि ऋषी कशाला?"

"टाळ्या येतात तिथे. पाचपर्यंत फायनल पाठव. नाहीतर पुढच्या वर्षी बघू, नो वरीज."

नो वरीज!

बाबा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसला होता. "बाबा, तुझ्या रिपोर्टमधलं 'बहुतेक चालेल' कुणी 'चालेल' करून टाकलं तर?"

"भांडीन मी."

"मग?"

"पण हे स्नेहसंमेलन आहे गं. ते दरवर्षी हॉल मिळवतात, सगळी धावपळ करतात. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"'रसयुक्त' तरी ठेव," आई आतून म्हणाली.

पाचला दहा कमी असताना मी सगळ्यांची परवानगी काढून घेतली, माझं जुनं भाषण परत आणलं आणि पाठवून दिलं. बाबाचे दोन 'सोर्स?' बरोबर होते, तेवढं दुरुस्त केलं.

संध्याकाळी कार्यक्रमपत्रिका आली. माझं नाव सगळ्यात शेवटी. जेवणानंतर. पुढे लिहिलेलं, 'वेळ उरल्यास'.

कार्यक्रमाच्या दिवशी वेळ उरला. तीन मिनिटं. समोर बारा लोक होते, त्यातले चौघे खुर्च्या रचत होते आणि बाकीचे मसालेभाताने पेंगत होते. काका बाजूला हाताची घडी घालून उभे. मी जीव तोडून बोलले. दुसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला.

"म्हणजे तो नक्की काय म्हणाला?"

"माहीत नाही, आजोबा. तेच तर सांगतेय!"

"मग सांगतेस कशाला?"

मागे कुणीतरी खिदळलं. काका माझ्याकडे असे बघत होते, की बघ, सांगितलं होतं. माझे कान गरम झाले. रडू येईल असं वाटलं, पण राग जास्त आला. एक मिनिट बाकी होतं. मी माईक जवळ ओढला आणि त्या आजोबांकडे बघत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.