उजवीकडे काहीच नव्हतं

चार पर्याय, त्यातला एक बरोबर. बरोबर आला तर चार गुण, चुकला तर मिळवलेल्यातला एक जातो. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावते, की बाबांनो, येत नसेल तर सोडून द्या, पण अंदाजपंचे ठोकू नका. गेली बावीस वर्षं मी घराच्या पुढच्या खोलीत जीवशास्त्र शिकवते आहे. माझ्या हाताखालची कितीतरी पोरं डॉक्टर झाली, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात, आणि मी आपली 'सुखी राहा' म्हणून पुढे जाते. मी स्वतः मात्र डॉक्टर झाले नाही. का झाले नाही हे जिला पक्कं ठाऊक असायला हवं होतं, ती बाई गेल्या वर्षी एका दुपारी आपल्या मुलीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

कॉलेजात आम्ही तिला शहाणी म्हणायचो. एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यात जेवायचो. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि मी हॉस्पिटलच्या खाटेला खिळले. शहाणी रोज संध्याकाळी यायची, उशाशी बसून आपल्या वहीतून वाचून दाखवायची, आणि मी पडल्या पडल्या लिहून घ्यायचे. माझी आई तर तिच्यावरून जीव ओवाळून टाकत होती. त्या लिहून घेतलेल्यात सात गोष्टी चुकीच्या होत्या. एक-दोन असत्या तर मी म्हटलं असतं, माणूस आहे, चुकतं. पण सात? आणि सातही नेमक्या परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या? तिच्या पेपरात त्या सातही बरोबर आल्या. माझे पस्तीस गुण गेले, आणि प्रवेश अकरा गुणांनी हुकला. वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे झालं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मी अठराव्या वर्षी शिकले.

आणि आता तीच शहाणी, शहरातली नावाजलेली सर्जन, माझ्या खुर्चीत बसून म्हणत होती, "अगं, हिचा हा दुसरा प्रयत्न आहे. मागच्या वर्षी थोडक्यात राहिलं. तुझ्याशिवाय माझा कुणावर विश्वास नाही बघ."

विश्वास! तो शब्द उच्चारताना तिची जीभ अडखळली नाही, की नजर खाली गेली नाही. ती विसरलीच होती. मला वाटतं, तिने माफी मागितली असती तर मी चहा टाकला असता, दोघी थोड्या रडलो असतो आणि विषय संपला असता. पण जे मी सत्तावीस वर्षं उराशी धरून बसले होते, ते तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू.

"पाठव की," मी हसून म्हटलं. "आपलीच पोर आहे. हिला वेगळी वेळ देते."

"मावशी म्हणायचं हं यांना, पिलू," शहाणी मुलीला म्हणाली.

पिलू म्हणजे एकोणीस वर्षांची, सडपातळ, फारसं न बोलणारी मुलगी. तिची अभ्यासाची रीत जरा निराळी होती. मी एखादी गोष्ट सांगितली की ती लगेच लिहायची नाही. आधी एक खोल श्वास घ्यायची, डोळे मिटायची, ते वाक्य एकदा स्पष्ट आवाजात म्हणायची आणि मगच वहीत उतरवायची. पुन्हा त्या पानाकडे वळून बघायचीही नाही. इतर पोरं एकच ओळ पन्नासदा घोकतात आणि परीक्षेच्या दाराशी विसरतात.

"एकदाच म्हणून राहतं लक्षात?" मी विचारलं.

"एकदा म्हटलं की झालं, मावशी."

मी दोन महिने तिला सगळं चोख शिकवलं. घाई कशाला? मग शरीररचनेचे धडे आले, जे तिने मागच्या वर्षी सोडूनच दिले होते, आणि त्यात पहिला फुप्फुसांचा. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, हे माझ्या वर्गातलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल. मी तोंडावरची सुरकुतीही न हलवता म्हटलं, "उजव्याचे दोन, डाव्याचे तीन." तिने श्वास घेतला, डोळे मिटले, म्हटलं, लिहिलं. आठवड्याने बाहेरच्या एका संस्थेची सराव परीक्षा होती, त्यात हा प्रश्न असणार हे मला माहीत होतं. ती पाच गुण घालवून रडत येईल, घरी आईला दाखवेल आणि शहाणीला सत्तावीस वर्षांपूर्वीची ती वही आठवेल, एवढाच माझा बेत होता.

पिलूला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मी उत्तरतालिका बघितली. उजव्याचे दोन. म्हटलं, छापणाऱ्याची चूक. पाठ्यपुस्तक काढलं, तिथेही दोन. माळ्यावरचं माझं स्वतःचं कॉलेजातलं पुस्तक काढलं, पानं पिवळी पडलेली, समासात माझंच अक्षर, आणि त्या अक्षरात 'उजवं दोन, डावं तीन'. वर्गातल्या टेबलावर माणसाच्या धडाचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, त्याचे अवयव सुटे करता येतात. मी उजवं फुप्फुस हातात घेतलं. दोनच तुकडे होते. माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं, तर ती एका सुरात 'दोन' म्हणाली आणि एकमेकांकडे बघून हसली, की आज बाईंना झालंय तरी काय.

दोन दिवस मी स्वतःलाच समजावत राहिले, की वय झालं, शिणलं डोकं, उलटसुलट होतं. पण मनाची खात्री झाल्याशिवाय गप्प बसणारी मी नव्हे. पुढच्या तासाला मी पिलूला सांगितलं, "अपेंडिक्स. पोटाच्या खालच्या भागात, डावीकडे."

"अपेंडिक्स पोटाच्या खालच्या भागात डावीकडे असतं," ती डोळे मिटून म्हणाली.

ती लिहीत होती तेव्हा मी हात कुर्त्याखाली घातला. ऑपरेशनचा माझा व्रण उजवीकडे होता, बोटभर लांब, थंडीत खाजणारा. तिथे आता सपाट, गुळगुळीत कातडी होती. व्रण डावीकडे होता. तेवढाच, तसाच, जणू जन्मभर तिथेच असावा.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हे कबूल करते. कुणाही शहाण्या बाईने त्याच क्षणी पोरीची वही मिटून तिला घरी पाठवलं असतं. पण मग मला शहाणीचे हात आठवले, आणि एवढ्या वर्षांत त्या हातांनी डोळे झाकून केलेली शेकडो ऑपरेशनं. खोटं कशाला बोलू? मला हसू आलं. घशात अडकलेलं काहीतरी सुटावं तसं, पोट धरून हसू आलं.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही गं. पुढचं घे."

पाचव्या दिवशी, भर दुपारी, शहाणी न सांगता आली. केस विस्कटलेले, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात भलतीच. बसली तीही खुर्चीच्या टोकावर.

"एक ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "साधं अपेंडिक्स. मी उजवीकडे छेद घेतला. उजवीकडे काहीच नव्हतं. मी शोधत राहिले, अगं, अर्धा तास शोधत राहिले. शेवटी माझा असिस्टंट हळूच म्हणाला, मॅडम, आपण डावीकडे बघायचं ना? नर्स माझ्याकडे बघत होत्या. काल चौकशीला बोलावून मला रजा घ्यायला सांगितलं."

"रुग्ण?"

"वाचला. दोन्हीकडे टाके घेऊन." तिने माझा हात धरला. "मी सगळी पुस्तकं बघितली. सगळे म्हणतात डावीकडे. पण तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज तुझ्याजवळ होते. मी तुझं ड्रेसिंग बदलताना बघितलंय. उजवीकडे होतं ना? तू तरी सांग. तू एकटीच आहेस सांगणारी."

जगात तिचा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो मी. उजवीकडचं फक्त आम्हा दोघींनाच का आठवत होतं, देव जाणे. मी 'हो' म्हटलं असतं तर तिला निदान एवढं कळलं असतं, की तिचं डोकं ठिकाणावर आहे. तो 'हो' माझ्या ओठांपर्यंत आलाही होता. मी उठले, कुर्त्याची कड बोटभर वर केली आणि तिला व्रण दाखवला.

"डावीकडे," मी म्हटलं. "कायमच डावीकडे. तूच कुठेतरी चुकीचं शिकली असशील. एखाद्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतलं असशील, दुसरं काय?"

तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं. तिला आठवलं. सगळं आठवलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्या एका क्षणासाठी मी पुन्हा सत्तावीस वर्षं थांबले असते. ती उठून गेली. पर्स खुर्चीतच राहिली.

त्यानंतर शहाणीने हातात सुरी धरली नाही. पिलू येतच राहिली आणि मी विचारलं तेवढंच सांगत राहिली, की आई घरीच असते, आई आरशासमोर उभी राहून स्वतःला चाचपते, आई जेवताना मध्येच विचारते, पिलू, जठर कुठे असतं गं? मी 'अरेरे' म्हणायचे. रात्री मला छान झोप लागायची. पिलूला आणखी काही चुकीचं शिकवायची गरजच उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझी छातीही होत नव्हती. परीक्षा झाली, निकाल लागला, पोरगी पहिल्या दहांत आली.

निकालानंतर ती आली ती रिकाम्या हाताने, दप्तर नाही की वही नाही. बाकावर न बसता दारातच उभी राहिली.

"आईने मला सांगितलं," ती म्हणाली. "तिने तुमच्याशी काय केलं तेही, आणि तुम्ही काय केलंत तेही. बाबा म्हणतात, तिला वेड लागलंय. डॉक्टर म्हणतात, वेड लागलंय. मी नाही म्हणत."

एकदम मला सुचलं. "पिलू, तू परत म्हण ना! उजवीकडे असतं असं म्हण. सगळं पूर्ववत होईल. तुझी आई बरी होईल."

"म्हणून बघितलं, मावशी. शंभरदा. मी एकदा पाठ केलेलं पुसता येत नाही." ती अतिशय शांत होती, तिच्या आईच्या चेहऱ्यावर मी एवढी शांतता कधी बघितली नव्हती. "पण नवं म्हणता येतं. तुमच्यासाठी एक वाक्य मी तयार केलंय. अजून म्हटलेलं नाही."

"काय वाक्य?"

"ते ऐकाल तेव्हा कळेल."

मी तिच्या पाया पडायचीच काय ती राहिले होते. म्हटलं, मला शिक्षा कर, पण काय ते आत्ता सांगून टाक. ती पायऱ्या उतरून गेली.

आता ती दूरच्या कॉलेजात असते, वसतिगृहात राहते, अभ्यासात सगळ्यांच्या पुढे आहे असं ऐकते. दर रविवारी सकाळी दहा वाजता तिचा फोन येतो. बोलत काहीच नाही. फक्त एक खोल श्वास घेते, मी वर्षभर समोर बसून ऐकलेला तोच श्वास, थोडा वेळ थांबते आणि फोन ठेवून देते. फोन उचलूच नये असं मला शेजारीण सांगते. तिला काय जातं सांगायला? न उचलता ती म्हणालीच, आणि या खेपेला माझी आठवणही बदलली, तर माझ्यात काय बदललं हे मला कळणार कसं? तेव्हा पुस्तकंही तिच्याच बाजूने बोलतील, मॉडेलही, माझं स्वतःचं अक्षरही. शहाणीकडे जाऊन विचारावं, तर ती कशाला खरं सांगेल?

आज रविवार. दहाला फोन वाजला. तिने श्वास घेतला. मी नेहमीसारखी फोन ठेवल्याचा आवाज येण्याची वाट बघत राहिले.

"माणसाच्या शरीरात," ती सावकाश, स्पष्ट आवाजात म्हणाली, आणि मी दोन्ही हातांनी फोन कानाशी घट्ट धरला.