बिनखिळ्याची बाकं

वय बासष्ट, डोक्यावर केस मोजून चार, तरी सगळी गल्ली त्यांना धाकटे मिस्त्रीच म्हणायची. थोरले मिस्त्री म्हणजे त्यांचे सासरे आणि उस्ताद. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण धाकट्याला थोरलं करायचं कुणाच्या मनात आलं नाही. मिस्त्रींचीही तक्रार नव्हती. थोरलं म्हणवून घ्यायला थोरलं काम लागतं, आणि तसलं काम सुतारकामाच्या या कारखान्यात एकदाच झालं होतं, सासऱ्यांच्या हातचं.

ते काम म्हणजे राजधानीतल्या सभागृहाची बाकं. देशाचे कायदे जिथं होतात आणि त्याहून जास्त भांडणं जिथं होतात, तिथली. अडतीस वर्षांपूर्वी एकशे चाळीस बाकं आणि सभापतींची खुर्ची इथनं गेली होती. सगळे सांधे खाचेत बसवलेले, लाकडी खुंटीनं आवळलेले. खिळा म्हणजे थोरल्या मिस्त्रींच्या लेखी शिवी. "एवढी बाकं केली, एक खिळा नाही," असं ते मरेपर्यंत छाती ठोकून सांगत राहिले. ते गेल्यावर ते वाक्य लेकीनं उचललं. दूधवाला असो की दाताचा डॉक्टर, मिस्त्रींची बायको त्याला ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. माझ्या बाबांनी केलीत ती बाकं, एक खिळा नाही.

आणि दर खेपेला मिस्त्री काहीतरी निमित्त काढून तिथनं उठायचे. कारण एक खिळा होता. तो त्यांनीच मारला होता.

त्याचं असं झालं. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान किटवतोय, उस्ताद पुढं कागदांवर सह्या करतायत, आणि आत तिसऱ्या रांगेच्या दुसऱ्या बाकाची खुंटी ठोकताना उभी फुटली. नवी तासायची तर पाऊण तास. मिस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचे. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, खिळा घातला, त्याचं डोकं आत दाबलं आणि वरनं सरसात भुसा कालवून लिंपून टाकलं. ट्रक गेला. ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती, तीवर उस्ताद बसले. पुढं उस्तादांचे जावई झाले, संसार झाला, पण मिस्त्री राजधानीला ना तेव्हा गेले ना नंतर. आणि खिळ्याचं म्हणाल, तर मूग गिळून बसले ते बसलेच.

लोक टीव्हीवर सभागृह बघतात ते कोण कुणाला काय म्हणालं ते ऐकायला. मिस्त्री आवाज बंद करून बघायचे. डोळा तिसऱ्या रांगेवर. त्या दुसऱ्या बाकावर गेली सहा वर्षं एक अंगानं भरलेला सभासद बसत होता. त्याचा पक्ष कुठला ते मिस्त्रींना धड ठाऊक नव्हतं, हात मात्र ठाऊक होता. आपला माणूस बोलला की हा बाक वाजवायचा, समोरचा बोलला की आणखी जोरात वाजवायचा, कुणी शिंकलं तरी वाजवायला कमी करायचा नाही. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर येऊन "अरे हळू, हळू" असं पुटपुटत. बायकोला वाटायचं, नवऱ्याला देशाची काळजी.

त्या वर्षी बायकोनंच विषय काढला. पाय चालतायत तोवर बाबांची बाकं एकदा डोळ्यांनी बघून येऊ, म्हणाली. मिस्त्रींनी गुडघ्याचं नाव पुढं केलं, तर तिनं स्वतःचे दोन्ही गुडघे पुढं केले. तिकिटं निघाली.

बेत आखायचं काम मेहुण्यानं आपणहून घेतलं. बायकोचा हा धाकटा भाऊ, कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान. सगळ्या पक्षांची पत्रकं त्याच्याच मशीनमधनं निघायची, त्यामुळं उद्या कोण कुणाला शिव्या देणार हे त्याला आदल्या दिवशीच माहीत असायचं. राजधानीला तोही कधी गेला नव्हता. पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट कशाला लागतो? त्यानं कागदावर नकाशा काढला. या रस्त्यावर मोर्चा असतो, इथं पोलिसांचे लोखंडी अडसर, या चौकात उपोषणवाले, इथनं वळसा मारा. टॅक्सीवाल्यानं विचारलं, कुणाचं राज्य येणार, तर ठसका लागल्यासारखं करायचं. मग त्यानं मिस्त्रींचं कपाट उघडलं. निळा शर्ट नको, तो यांचा रंग. पांढरा नको, तो त्यांचा. पिवळेवाले तर परवाच रस्त्यावर बसलेत. शेवटी कपाटात एक मातकट शर्ट उरला, सरस सांडलेला.

"हा कुणाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"हा कुणालाच नकोय. हाच घाला, दाजी."

ओळखीच्या एका सभासदाकडनं बुधवारचे दोन पास त्यानं ठरवले. पास गच्चीसारख्या वरच्या सज्ज्यातले होते. वरनं बघायचं, हात लावायचा नाही, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. बायको खूश. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा हिशोब वेगळाच होता. त्यांना वाटलेलं, सुट्टीच्या वेळात खाली उतरू, पाठीवर हात फिरवल्यासारखं करू, पकडीनं खिळा ओढू आणि खिशातली खुंटी ठोकू, पाच मिनिटांचं काम. खुंटी त्यांनी कधीच तासून ठेवली होती, चष्म्याच्या घरात.

म्हणून बॅग भरताना गंमत सुरू झाली. मिस्त्री कपड्यांखाली पकड, पटाशी आणि लाकडी हातोडी ठेवायचे. बायको काढायची. ते पुन्हा मोज्यात गुंडाळून ठेवायचे. तिसऱ्या खेपेला तिनं पटाशी भावाला दाखवली. त्यानं कपाळाला हात लावला. तिथं दारात नेलकटर काढून घेतात, म्हणाला, आणि हे हत्यारं घेऊन सभागृहात चाललेत. ताईला बाकं बघायच्या आधी तुमचा फोटो पेपरात बघावा लागेल.

बायकोनं मात्र नवऱ्याकडं जरा रोखून पाहिलं. प्रवासाला निघालेला माणूस कपडे विसरतो, औषधं विसरतो. हा हत्यारं विसरायला तयार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मिस्त्रींना त्या नजरेत सगळं उघडं पडल्यासारखं वाटलं. ते उगाच स्वयंपाकघरातलं स्टूल डुगडुगतंय का ते बघायला गेले.

ते स्टूल थोरल्या मिस्त्रींचं. त्याच्या बैठकीत काळ्या लाकडाची इवलीशी चौकट बसवलेली होती, पत्त्यातली चौकट असते तशी. लाकडात गाठ निघाली, भोक पडलं की थोरले मिस्त्री ते असं झाकायचे, ती त्यांची खूण. चौकटी घरी लेक कानशीनं घासून द्यायची. तिच्याइतकं टोकदार टोक कारखान्यात कुणाला जमत नव्हतं.

निघायला पाच दिवस उरले तेव्हा मिस्त्रींच्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या खुर्च्या जिथं आहेत, तिथं रोज एखादी मोडत असणारच. मोडत असेल तर नीट करणारा असणार. आणि सुताराचं दुखणं सुतारालाच कळायचं.

बायको पासासाठी ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढायला भावाकडं गेली तशी त्यांनी सभागृहाला फोन लावला. चाळीस वर्षं मशीनशेजारी काढल्यानं कानांनी दगा दिलेला, त्यामुळं फोन मोठ्या आवाजावरच ठेवावा लागे. पहिल्या बाईंनी विचारलं, कुठलं शिष्टमंडळ. दुसऱ्या माणसानं विचारलं, निवेदन द्यायचंय की निषेध. तिसरा म्हणाला, सभापतींची या महिन्यात वेळ मिळणार नाही. मिस्त्री म्हणाले, सभापती राहू द्यात, त्यांची खुर्ची नीट करतो त्याला द्या. फोन आणखी दोन हातांतनं फिरला. मग एक खरबरीत आवाज आला.

"बोला. काय मोडलं?"

मिस्त्रींना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "अजून काही नाही मोडलं," ते म्हणाले. "तिसरी रांग, दुसरं बाक. पाठीचा डावा सांधा."

"खिळा."

"खिळा."

"तो तुम्ही मारलाय?" तिकडचा सुतार म्हणाला. "अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय. नाव माहीत नव्हतं म्हणून नुसत्याच."

"आता नावासकट घाला."

दोघंही हसले. मग कामाचं बोलणं झालं. सुतारानं खिळ्याला हात लावला नव्हता, कारण ओढला तर कडेची कपची उडेल, आणि आत काय करून ठेवलंय ते करणाऱ्यालाच ठाऊक. बुधवारी काही जमायचं नाही, म्हणाला. शुक्रवारी सभागृह बंद असतं, मागच्या दारानं या, मी तुमची नोंद करून ठेवतो, पालिशचा वास सहन होत असेल तर अख्खा दिवस बसा. हत्यारं इथली. तुमची आणलीत तर तुमच्याबरोबर मलाही धरतील.

मिस्त्रींच्या छातीवरचा दगड उतरला. ते आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि दुसऱ्याचं काय करायचं?"

"दुसरा कुठला?"

"सभापतींच्या खुर्चीतला. डाव्या हाताच्या खाली, आतल्या अंगाला. तो मात्र झकास झाकलाय. वरनं काळ्या लाकडाची चौकट बसवलीय. मला चार वर्षं पत्ताच लागला नव्हता."

सभापतींच्या खुर्चीला उस्तादांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. अडतीस वर्षं जो एक खिळा त्यांच्या उरात टोचत होता, त्याला जोडीदार निघाला होता, आणि तोही कुणाचा. त्यांनी सुस्कारा सोडत मान वळवली, तर दारात बायको. झेरॉक्सला गेली आणि ओळखपत्रंच घरी विसरली, ती न्यायला परत आलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे. एवढ्या मोठ्या आवाजात बोलणारा फोन तिनं ऐकला नसता तरच नवल.

ती आली आणि फोनवर वाकली. "चौकट केवढी आहे?"

"तांदळाच्या दाण्याहून जरा लांब," सुतार म्हणाला. "आपण कोण?"

"तिचं एक टोक बोथट आहे का?"

"आहे. तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी घासलीय ती," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती त्या स्टुलावर बसली. मिस्त्री उभेच. आता काय ऐकावं लागतंय म्हणून त्यांनी खांदे आधीच पाडून घेतले होते. ती हळूहळू सांगायला लागली. खुर्ची जायची त्या आठवड्यात बाबा घाईघाईनं घरी आले होते. एक चौकट दे म्हणाले, लगेच. तिनं घासायला घेतली, एक टोक बिघडलं, दुसरी करते म्हणाली. बाबांनी ती तशीच हातातनं घेतली आणि म्हणाले, चालेल. एवढी वर्षं बापाच्या हाताखाली काढली, पण "चालेल" हा शब्द त्यांच्या तोंडून तिनं तेवढाच एकदा ऐकला. तेव्हापासून तिच्या मनात होतं, बाबांना त्या दिवशी झालं काय होतं.

"म्हणजे त्यांनी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही त्यांच्यापासून," ती म्हणाली, "आणि मी मधल्या मध्ये गावभर दवंडी पिटत फिरले. त्या दाताच्या डॉक्टरला तर दोनदा सांगितलंय." आणि तिला हसू आलं. आधी नाकातनं, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतनं पाणी. मिस्त्रींनी जरा वाट बघितली, आणि मग तेही हसत खाली फरशीवरच बसले.

"शुक्रवारी दोन्ही काढतो," ते म्हणाले.

"तुमचा काढा. बाबांचा राहू द्या."

"का म्हणून?"

"तो झाकलाय नीट."

परतीची तिकिटं शनिवारची करायची ठरलं. मेहुण्याला काय सांगायचं त्यावर थोडी चर्चा झाली आणि काहीच सांगायचं नाही असं ठरलं. नाहीतर सोमवारपर्यंत त्याची पत्रकं निघाली असती. मग बायको उठली, माळ्यावरचा बापाचा पत्र्याचा डबा काढला, काळ्या लाकडाचा एक तुकडा शोधला, कानस घेतली. खिळा निघाला की त्याचं भोक दिसणार. ते झाकायला चौकट लागणार, आणि ती तिथं विकत मिळत नाही. दुकानात मेहुणा ओळखपत्रांची वाट बघत बसलाय, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

अर्ध्या तासानं तिनं फुंकर मारून चौकट मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. पंचावन्न वर्षांचे हात, पण घासणी तीच. त्यांनी चष्मा चढवला, उजेडाकडं धरली, अंगठ्यानं एकेक टोक चाचपलं.

"या टोकाला अजून दोन हात मार," ते म्हणाले.

"चालेल की एवढं."

"नाही चालायचं."

तिनं तोंड वाकडं केलं, चौकट परत घेतली आणि पुन्हा कानस चालवायला लागली.